मेगाइसोफेगस असलेल्या ठकीसाठी मिस्त्रींनी केलेली बेली चेअर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. कुत्र्याला मेगाइसोफेगस, म्हणजे अन्ननलिका सैल पडण्याचा आजार असेल, तर बेली चेअर, म्हणजे त्याला ताठ बसवून जेवू घालायची खुर्ची, ही हौसेची वस्तू नाही, ती औषधाच्या जागी आहे. आणि ती तयार मागवू नका. जवळच्या सुतारमिस्त्रींकडून आपल्या कुत्र्याच्या अंगाची मापं देऊन करून घ्या. आम्ही डोंबिवलीतच करून घेतली, मजुरी आणि सामान धरून ४,२०० रुपये लागले. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ठकी आमच्याकडे शेल्टरमधून फोस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला आली. कल्याणच्या बाजारातून उचललेली गावठी कुत्री, वय दीडेक वर्ष, वजन ९ किलो. खायला दिलं की तुटून पडायची आणि थोड्या वेळाने सगळं जसंच्या तसं जमिनीवर. आधी जंतांचं औषध झालं, मग पोटाचं झालं. शेवटी परळला बैलघोडा हॉस्पिटलात छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की पोटाचा काही दोषच नाही. अन्ननलिका सैल पडून झोळीसारखी झाली होती आणि घास पोटापर्यंत पोचतच नव्हता.

हे ओळखण्याची खूण सगळ्यांना माहीत असावी असं मला फार वाटतं. कुत्रं ओकतं तेव्हा पोट आवळतं, उबळ येते, आवाज होतो. इथे तसलं काही होत नाही. मान खाली घातली की न पचलेलं अन्न नुसतं घरंगळत बाहेर येतं, बरेचदा लांबट सुरळीच्या आकारात. तुम्ही दवाखान्यात जाऊन ‘ओकते’ असं सांगितलं की उपचार पोटाच्या दिशेने सुरू होतात. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तोच डॉक्टरांना दाखवा.

कारणं वेगवेगळी असतात. पिल्लांमध्ये कधी हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचा वेढा अन्ननलिकेभोवती बसलेला असतो, त्यावर ऑपरेशन होतं. मोठ्या कुत्र्यांमध्ये मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार निघाला तर गोळ्यांनी फरक पडू शकतो. ठकीच्या बाबतीत कारण सापडलं नाही, आणि पुष्कळ कुत्र्यांचं सापडत नाही. मग उरतो एकच उपाय. नळी घास पुढे ढकलत नसेल, तर कुत्र्याला उभं ठेवून जेवू घालायचं आणि घास त्याच्या वजनाने खाली उतरू द्यायचा. जेवण झाल्यावरही वीस-तीस मिनिटं तसंच ठेवायचं. नाही ठेवलं तर अन्न उलटं येऊन श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. ही कुत्री बहुतेक वेळा त्या न्यूमोनियानेच दगावतात.

शेल्टरमध्ये एका कुत्रीला प्रत्येक जेवणानंतर अर्धा तास उभं धरायला माणूस कुठून आणायचा? तिथल्या मुली जीव तोडून काम करतात, पण हात किती पुरणार. म्हणून ती आमच्या घरी आली. सुरुवातीला मी आणि हे आळीपाळीने तिला मांडीत उभी धरून बसायचो. ती वळवळायची, आमच्या पाठी धरायच्या, आणि ती जराशी कलली की व्हायचं ते व्हायचंच.

बेली चेअर हे नाव अमेरिकेतल्या बेली नावाच्या कुत्र्यावरून पडलंय. त्यालाही हाच आजार होता. खुर्ची म्हणजे एक उभी, अरुंद पेटी. कुत्रं तिच्यात ढुंगणावर बसतं, पाठ मागच्या फळीला टेकलेली, पुढचे पाय समोरच्या फळीवर. दार लावलं की त्याला बाजूला कलता येत नाही, वाकता येत नाही.

शेल्टरला कुणीतरी ऑनलाइन मागवून एक तयार खुर्ची दिली होती, ती आधी आमच्याकडे आली. ‘मीडियम’ साइझ. लॅब्रॅडोरच्या अंगाला कदाचित ठीक असेल, पण आपली गावठी कुत्री छातीत अरुंद आणि पायाने उंच. ठकी आत गेली की एका बाजूला घसरून गोळा होऊन बसायची. पाठीला बाक आला की अन्ननलिकाही वाकते, मग खुर्चीत बसवून उपयोग काय? तळ गुळगुळीत, त्यामुळे पाय सटकायचे. ती खुर्ची आम्ही परत दिली.

आमच्या इमारतीत फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रींना विचारलं. मला वाटलं होतं दहा वेळा समजावून सांगावं लागेल. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, ती बसणार कशी ते मला दाखवा.” ह्यांनी ठकीला भिंतीला पाठ लावून बसवलं. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या काखेच्या उंचीवर भिंतीला रेघ मारली. मग खांद्याच्या उंचीवर एक, हनुवटीच्या उंचीवर एक. छातीची रुंदी टेपने घेतली आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा धरली. म्हणाले, “जास्त सोडली तर ही आडवी होणार.” आजाराचं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही, पण खुर्चीचं मर्म त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं.

खुर्ची अशी आहे. पुढची फळी काखेच्या किंचित खाली, म्हणजे पुढचे पाय तिच्यावर आरामात टेकतात आणि वजन ढुंगणावरच राहतं. ही फळी उंच झाली तर कुत्रं काखेत लोंबकळतं, खाली गेली तर पुढे ओणवं होतं. सगळ्या खुर्चीत हे एक माप चुकू देऊ नका. वाटीसाठी वेगळा कप्पा हनुवटीच्या पातळीवर, मान खाली घालावी लागू नये म्हणून. मागच्या फळीला तळाशी शेपटीपुरती खाच. आतून सगळीकडे फोम आणि वर रेक्झिन, ओल्या फडक्याने पुसून घेता येतं. तळाला पायथा पेटीपेक्षा रुंद आणि खाली रबराचे बुश, त्यामुळे ती हलली तरी पेटी डुगडुगत नाही. दाराला दोन टॉवर बोल्ट. सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल केल्यात.

आता अर्धा गुण. मिस्त्रींनी मजबुतीसाठी १९ एमएमचा प्लाय वापरला. मजबूत आहेच, पण मला एकटीला ती खुर्ची हलत नाही. एवढ्या अंगाच्या कुत्रीला १२ एमएम पुरला असता. शिवाय सनमायका दर्शनी बाजूलाच लावलाय, दाराच्या खालच्या कडेला पाणी लागून प्लाय फुगायला लागलाय. करून घेताना कडांना पट्टी मारायला सांगा. बोल्टचा खटका मोठा होतो, पहिल्यांदा ठकी दचकली. आम्ही त्याच्या तोंडाशी फेल्टचा तुकडा चिकटवला.

खुर्ची आली म्हणून कुत्रं लगेच आत बसत नाही, हे लक्षात ठेवून वेळ द्या. आधी दार उघडं ठेवून आत उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवायचा. मग बसवायचं, दार न लावता. मग दार लावून लगेच उघडायचं. आता भांड्याचा आवाज आला की ती आपणहून खुर्चीसमोर येऊन उभी राहते.

खाणं कसं द्यावं हे कुत्र्यागणिक बदलतं. काहींना मिक्सरमधून काढलेली पातळ पेज चालते, काहींना मऊ गोळे. ठकीला पेज सोसली नाही, चिकन आणि भाताचे सुपारीएवढे गोळे नीट उतरतात. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी, त्यामुळे तिचं चिकन वेगळं शिजतं.

खरी अडचण पाण्याची आहे, आणि नवीन फोस्टरला ही कुणी आधी सांगत नाही. साधं पाणी अशा कुत्र्यांना घन अन्नापेक्षाही त्रास देऊ शकतं. परदेशात लोक जिलेटिनच्या वड्या करतात. मी चायना ग्रास वापरते, आपण दुधाच्या वड्यांना घालतो तेच. चिकनचं बिनमिठाचं पाणी उकळायचं, त्यात चायना ग्रास विरघळवायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायचं. फ्रिजबाहेरसुद्धा सेट होतं. जेवणानंतर खुर्चीतच एकेक वडी द्यायची. उन्हाळ्यात वड्या वाढवायच्या. पाण्याचं भांडं घरात जमिनीवर ठेवत नाही, आणि बाहेर फिरताना ती काही उचलून खाणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. गळ्यात पट्टा नाही, हार्नेस. इमारतीतल्या मुलांना मी एकदा सगळं समजावून सांगितलं, तेव्हापासून कुणी तिला बिस्किट देत नाही. उलट नवीन कुणी देऊ लागलं तर मुलंच अडवतात.

रात्री ती झोपली की हे तिचा श्वास मोजतात. झोपेत मिनिटाला ३० च्या वर जायला लागला, किंवा खोकला, ताप, नाकातून स्राव, सुस्ती यांतलं काही दिसलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. खुर्ची असली तरी न्यूमोनिया कधीच होणार नाही असं नाही. ठकीला एकदा झाला, लवकर लक्षात आला म्हणून निभावलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडावी म्हणून काही डॉक्टर सिल्डेनाफिल देतात. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि त्यांच्याच मात्रेत.

आता ठकी १४ किलोची आहे. तिला दत्तक घ्यायला माणसं विचारायला यायची. दिसायला गोड आहे, कान मोठे आहेत, लगेच हात चाटते. खुर्ची बघितली की पुढचं बोलणं थांबायचं. मी त्यांना दोष देत नाही, घरात दिवसभर कुणी नसेल तर हे जमणारच नाही. आम्ही दोघं घरी असतो, आम्हाला जमत होतं. ह्यांनीच एक दिवस शेल्टरला फोन करून दत्तकाचा फॉर्म मागवला. नसबंदी आणि रेबीजची लस आधीच झालेली होती, त्यामुळे कागदपत्रांना वेळ लागला नाही.

शेल्टर चालवणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. असं कुत्रं फोस्टरला देताना त्याच्या मापाची खुर्चीही सोबत द्या. देणगी मागायची तर खुर्चीसाठी मागा. औषधांसाठी पैसे देणारी माणसं ४,२०० रुपयेही देतील. फोस्टर पहिल्या आठवड्यातच थकून कुत्रं परत करतो तो बहुतेक वेळा उभं धरून धरून थकलेला असतो, आणि तो थकवा खुर्चीने खरोखर जातो. कुत्र्याला माणूस मिळाला तर खुर्ची त्याच्याबरोबर जाईल, नाही मिळाला तर तशाच अंगाच्या पुढच्या कुत्र्याला चालेल.

आमच्या मिस्त्रींनी यानंतर ठाण्याच्या एका कुटुंबासाठी दुसरी खुर्ची केली, १२ एमएममध्ये, कडांना पट्टी मारून. त्यांचं पिल्लू अजून वाढतंय, म्हणून मागची फळी नट-बोल्टवर सरकवता येईल अशी ठेवली आहे. तुमचं कुत्रं वर्षाच्या आतलं असेल तर तशीच सांगा.