सेलिनातलं टाउनहोम: वीस महिने राहिल्यावर

गेल्या आठवड्यात लोनवाल्यांचं पत्र आलं. मार्चपासून हप्ता ८०० डॉलरने वाढणार. व्याजदर फिक्स आहे, मग वाढलं काय? बायकोने पत्र दोनदा वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. घर घेताना कागद मी वाचले होते ना!

हे पत्र आलं नसतं तर हा अनुभव लिहायला मी आणखी वर्ष लावलं असतं. जून २०२४ मध्ये आम्ही डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्रॉस्परच्याही पुढे सेलिनात हे टाउनहोम घेतलं. तीन मजले, १,९५० चौरस फूट, सहा घरांच्या ओळीतलं मधलं. भोवती तलाव, ट्रेल, स्विमिंग पूल आणि 'इथे शाळा होणार' अशी पाटी असलेली मास्टर-प्लॅन्ड कम्युनिटी. किंमत ४ लाख ५ हजार डॉलर. तेव्हा बाजारात व्याज सातच्या आसपास होतं आणि बिल्डर आपल्याच लेंडरकडून साडेपाचला देत होता. आम्ही तिथेच विरघळलो.

आधी त्या ८०० डॉलरचा हिशेब. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, त्याची कसर मालमत्ता करात निघते. हा कर १ जानेवारीला जागेवर जे उभं असेल त्याच्या किमतीवर लागतो. १ जानेवारी २०२४ ला आमच्या लॉटवर माती आणि सर्व्हेच्या चार खुंट्या होत्या. म्हणून पहिल्या वर्षीचं बिल सगळं धरून ३,४०० आलं आणि लेंडरने एस्क्रोत, म्हणजे हप्त्यासोबत करासाठी पैसे बाजूला ठेवतात त्या खात्यात, तेवढ्याच हिशेबाने पैसे कापले. दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर कर लागला, ८,२००. म्हणजे पुढच्यासाठी महिन्याला ४०० जास्त, आणि मागची तूट बारा महिन्यांत फेडायची म्हणून आणखी ४००. तूट एकदम भरली तर वाढ निम्म्यावर येते. आम्ही तेच केलं, आणि येत्या डिसेंबरची भारतवारी रद्द झाली. डाव्या बाजूच्या तेलुगू शेजाऱ्याने राहायला आल्यावर महिन्याभरात सांगितलं होतं, "भाई, ४०० अलग रखना." मी मान डोलावली होती.

होमस्टेड, म्हणजे स्वतः राहत्या घराच्या कर-सवलतीचा अर्ज मात्र राहायला आल्याबरोबर भरा. फुकट असतो. पैसे घेऊन भरून देतो म्हणणारी सरकारी थाटाची पत्रं येतात, ती सरळ कचऱ्यात टाका. २०२५ पासून मालमत्ता करातल्या शाळेच्या हिश्शासाठी घराच्या किमतीतले १ लाख ४० हजार वगळले जातात, आधी १ लाख होते. त्यात एक मेख आहे. रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी यांसाठी काढलेल्या कर्जाचा आपला वाटा, ज्याला इथे पीआयडी म्हणतात, त्याला ही सवलत लागत नाही. आमच्याकडे तो वर्षाला १,९०० डॉलर आहे, अनेक वर्षं चालणार आहे. करारापूर्वी त्याची वेगळी नोटीस द्यावी लागते आणि आम्हालाही दिली होती. सह्यांच्या गठ्ठ्यात कुठेतरी माझी सही तिच्यावर आहे.

आता घराबद्दल. सगळ्यात जास्त धास्ती होती ती शेजारच्या आवाजाची. पुण्यात वरच्या मजल्यावर खलबत्ता वाजला की आमच्या भांड्यांना हादरा बसायचा. इथे दोन घरांच्या मध्ये फायरवॉल आहे, आणि वीस महिन्यांत पलीकडून एकदाही आवाज आलेला नाही. उजवीकडच्यांना बाळ झालं हे आम्हाला दारावरच्या फुग्यांवरून कळलं.

फसलो ते स्वयंपाकघरात. मधल्या घराचं किचन पोटात असतं, बाहेरची भिंत नाही. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हला पंखा आहे, पण तो धूर चाळणीतून ओढून परत आपल्याच तोंडावर सोडतो. आई आल्यावर पहिल्याच रविवारी तिने वरणाला हिंग-मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी दिली. जिन्यातला स्मोक अलार्म केकाटला, आणि सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने तिन्ही मजल्यांवरचे केकाटले. आई एका हाताने पदराने वारा घालतेय, दुसऱ्या हातात पळी तशीच, बाबा गॅरेजमधून "काय पेटलं?" म्हणून ओरडत येतायत. शेवटी बाल्कनीचं दार उघडलं तेव्हा बाहेर ३८ अंश होतं. बाहेर धूर सोडणारा हूड बसवायचा तर भिंत फोडावी लागते, आणि बाहेरची भिंत एचओएची, म्हणजे घरमालकांच्या संस्थेची. अर्ज नामंजूर. आता इंडक्शनची छोटी शेगडी बाल्कनीत नेऊन फोडणी करतो. त्यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही. मॉडेल होम बघायला जाल तेव्हा क्वार्ट्झच्या ओट्यावर हात फिरवण्याआधी हूडचा पाइप कुठे जातो ते विचारा.

जिन्याचंही तसंच. तळमजल्यावर गॅरेज आणि एक खोली, मधे किचन-हॉल, वर बेडरूम. २० पौंडांची तांदळाची गोणी गॅरेजमधून वर नेताना घर घेतल्याचा अभिमान पायरीपायरीने उतरतो. आईचे गुडघे दुखतात. ती म्हणायची, चढताना देवाचं नाव येतं आणि उतरताना तुमचं. आणि गाडीशिवाय देऊळ नाही, भाजी नाही. फ्रिस्कोचं हनुमान मंदिर २५ मिनिटांवर, पण ३८० नंबरच्या रस्त्यावर संध्याकाळी अडकलात तर आरती गेलीच म्हणून समजा.

तरी आई-बाबा सहा महिने रमले, आणि त्याचं श्रेय ट्रेलला. उन्हाळ्यात साडेसहाला तिथे आजी-आजोबांचा मेळा असतो: तेलुगू, गुजराती, तमिळ, आपले मराठी. आई एका गुंटूरच्या आजींशी रोज तासभर बोलायची. दोघींची सामाईक भाषा म्हणजे पन्नासेक हिंदी शब्द आणि हातवारे. जाताना आई त्यांच्याकडून गोंगुऱ्याच्या लोणच्याची कृती लिहून घेऊन गेली, कोणत्या भाषेत ते विचारू नका. ज्या स्विमिंग पूलसाठी आम्ही पैसे भरतो तिथे मात्र मी सहा वेळा गेलो असेन.

पैसे म्हणजे दोन एचओएंचे. मोठ्या कम्युनिटीचे महिन्याला ११०, टाउनहोमच्या वेगळ्या संस्थेचे २६०. ही २६० वाली संस्था छप्पर, बाहेरचा रंग आणि पुढची हिरवळ बघते. सुरुवातीला ती २१५ घेत होती. बोर्डावर अजून डेव्हलपरचीच माणसं आहेत. कायद्याने ७५ टक्के लॉट विकले गेल्यावर एक तृतीयांश जागा रहिवाशांनी निवडायच्या, तिथवर आम्ही फक्त ईमेल वाचतो. छपराचा विमा संस्थेचा असला तरी गारपिटीचं डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीआधी आपण सोसायचा खर्च, घरांमध्ये वाटलं जाऊ शकतं. असा वाटा अंगावर आला तर तो भरून देणारं 'लॉस असेसमेंट'चं कव्हर आपल्या पॉलिसीत घाला, वर्षाला जेवणाच्या बिलाएवढे पैसे लागतात.

दिवाळीत आकाशकंदील लावला तर 'मंजुरी नसलेला दिवा' म्हणून नोटीस आली. टेक्सासात धार्मिक वस्तू लावू देण्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये तो दारापुरता न राहता आपल्या पूर्ण जागेला लागू झाला. कलम नंबरासकट दोन ओळींचं उत्तर पाठवलं. परत काही आलं नाही. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत होता.

पार्किंगचं मात्र कायद्याने काही होत नाही. गॅरेज मागच्या गल्लीत उघडतं, त्याच्यापुढे गाडी उभी राहील एवढा ड्राइव्ह-वे नाही. २४ घरांना पाहुण्यांच्या ९ जागा. गणपतीला आमच्याकडची माणसं क्लबहाउसपाशी गाड्या लावून प्रसादाचे डबे घेऊन चालत आली.

बिल्डरची वॉरंटी कामाला एक वर्ष, पाइप-वायरिंगला दोन आणि ढाच्याला दहा वर्षं. अकराव्या महिन्यात स्वतःचा इन्स्पेक्टर लावा. आमच्याकडच्याने थर्मल कॅमेरा लावला तर जिन्याच्या वरच्या छतात इन्सुलेशनच नव्हतं. ऑगस्टभर वरच्या बेडरूममध्ये आम्ही का भाजत होतो ते तेव्हा कळलं. बिल्डरने मुकाट्याने घालून दिलं. आणखी महिनाभर थांबलो असतो तर आमच्या खिशातून गेलं असतं.

परत घेईन का? टाउनहोम घेईन, पण कडेचं, बाहेरच्या भिंतीला किचन असलेलं, आणि ओळी बांधून संपल्यावर. तीन दारं सोडून राहणाऱ्याची नोकरी ऑस्टिनला गेली. त्याने घर विकायला काढलं, तर मागच्याच गल्लीत बिल्डर तसंच कोरं घर कमी व्याजाने विकत होता. जुन्याकडे कोण बघणार? शेवटी भाड्याने दिलं.

आता एप्रिलमध्ये करासाठी धरलेल्या यंदाच्या किमतीची नोटीस येईल. हरकत घ्यायची मुदत १५ मे. डावीकडच्या शेजाऱ्याने आमच्या ओळीतल्या तीन विक्रींचे आकडे मला आधीच पाठवून ठेवलेत. या वेळी मी नुसती मान डोलावलेली नाही, फोल्डर केलाय.