जुन्या एच६१ बोर्डात १६ जीबी रॅम: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

नागपूरच्या महाल भागातल्या घरी लग्नपत्रिका नि बॅनरची डिझाइनं करतो, ती एका जुन्या असेंबल्ड पीसीवर. इंटेलचा आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच रॅम. एसएसडी आधीच टाकली होती, त्यामुळे विंडोज पटकन सुरू व्हायचं. पण कोरलड्रॉ आणि क्रोम सोबत उघडलं की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी काठोकाठ भरलेली, आणि माउस अडखळत चालायचा.

रॅम घेण्याआधी बोर्ड बघा. एच६१ला रॅमचे दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबी, म्हणजे ८-८च्या दोन स्टिक. सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर बोर्डाचं मॉडेल आणि लावलेल्या रॅमची माहिती सांगतं. याहून जुना जी४१ चिपसेट असेल तर गाडी ८ जीबीवरच थांबते. विंडोज ३२-बिट असेल तर रॅम वाढवून काही हाती लागत नाही.

बर्डीतल्या एका दुकानात ८ जीबीची स्टिक फारच स्वस्त मिळत होती. दुकानदार म्हणे, 'भाऊ, डीडीआर३ (या पिढीच्या बोर्डांची रॅम) आहे ना, सगळ्यात चालते.' पाकिटावर बारीक अक्षरांत 'फक्त एएमडी प्रोसेसरसाठी' असं छापलेलं. त्यांच्याच इंटेल मशीनवर लावून दाखवायला सांगितलं, तर डिस्प्लेच येईना! अशा स्टिकमध्ये चिप्सची रचना वेगळी असते, या पिढ्यांच्या इंटेलला ती वाचता येत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी सर्व्हरची रॅमही तशीच: लेबलवर पीसी३-१२८००आर असेल तर हात लावू नका. त्या आकड्याच्या शेवटी आरऐवजी यू हवा. एस म्हणजे लॅपटॉपची.

शेवटी दुसरीकडून १६०० मेगाहर्ट्झची नेहमीची ८ जीबी घेतली. ती १३३३वरच चालते, कारण माझ्या प्रोसेसरची मर्यादाच तेवढी. यात रॅम खराब नसते, उगाच दुकानदाराशी भांडू नका. आधी जुनी ४ आणि नवी ८ अशी जोडी चालवली. बिनतक्रार चालली. इंटेल अशा वेळी दोन्हींतल्या सारख्या भागाला ड्युअल चॅनल देतं (दोन्ही स्टिक एकत्र वापरून जास्त वेग), उरलेल्याला सिंगल. पुढे पत्रिकांचा सीझन आला तेव्हा त्याच मॉडेलची दुसरी ८ टाकली. लावताना दोन्हींचे सोनेरी पिन खोडरबराने हलकेच पुसले आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं. एकही एरर नाही.

मे महिन्यात ४५ अंशांत, कूलरच्या दमट हवेत, दिवसभर चालूनही एकदाही हँग झालं नाही. मोठा बॅनर, फोटोंचं फोल्डर आणि व्हॉट्सअॅप वेब एकत्र उघडं राहतं, आणि एकातून दुसऱ्यात जाताना थांबावं लागत नाही. ग्राहक शेजारी बसून 'फोटो जरा डावीकडे घ्या ना दादा' म्हणत असतो तेव्हा हे फार जाणवतं. पीडीएफ एक्स्पोर्टला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. ते काम प्रोसेसरचं.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि हा प्रोसेसर विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. त्यामुळे नवी कोरी महागडी डीडीआर३ घेण्यात अर्थ नाही. वापरलेली, पण समोर चालवून दाखवलेली आणि महिनाभराची बदली वॉरंटी लिहून दिलेली स्टिक घ्या. मी दोन्ही तशाच घेतल्या.