ब्लिझर्ड ऑफ ऑझ की होली डायव्हर: आधी कोणता घ्यायचा?

ब्लॅक सॅबथ हा हेवी मेटल बँड ऐकून झालंय, त्यांचा पॅरानॉइड अल्बम जवळपास पाठ झालाय, हेवन अँड हेल पण आवडलाय आणि आता पुढे काय ऐकायचं असा प्रश्न पडला की दोन नावं हमखास समोर येतात. ऑझी ऑझबर्नचा ब्लिझर्ड ऑफ ऑझ (1980) आणि डिओचा होली डायव्हर (1983). दोघंही एकाच बँडचे गायक, एकाला बँडने काढलं आणि दुसरा भांडून निघाला, आणि बाहेर पडल्यावर केलेल्या पहिल्याच अल्बममध्ये दोघांनी असं काम करून ठेवलं की चाळीस वर्षांनंतरही त्यांचं नाव काढलं की लोक आधी याच अल्बमकडे बोट दाखवतात.

कोणालाही विचारलं तर "कुठलाही घे, दोन्ही भारी आहेत" हेच उत्तर मिळतं, आणि ते खरं असलं तरी त्याचा उपयोग काहीच नाही. बाहेरून येणारी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, आपल्याकडे स्वस्तात मिळत नाही, आणि स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तरी पहिला अल्बम चुकीच्या मूडमध्ये ऐकला गेला की त्या माणसाकडे परत वळायला वर्ष वर्ष जातात. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: गिटारसाठी ऐकणार असाल तर ब्लिझर्ड, गायकासाठी ऐकणार असाल तर होली डायव्हर, आणि खरंच एकच घ्यायचा असेल तर होली डायव्हर. आता का ते सांगते.

आधी ऑझी. एप्रिल 1979 मध्ये सॅबथने त्याला काढलं, दारू आणि ड्रग्जमुळे तो कामाचा राहिला नव्हता, अर्थात बाकीचे तिघं पण काही कमी करत नव्हते. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात खोली घेऊन तो कित्येक दिवस नुसता पीत बसला होता, संपलं आपलं असंच त्याच्या डोक्यात होतं. तिथून त्याला उठवलं शॅरन आर्डनने, म्हणजे सॅबथच्याच मॅनेजरची, डॉन आर्डनची मुलगी, जी पुढे शॅरन ऑझबर्न झाली. आणि मग त्याला सापडला रँडी ऱ्होड्स. क्वाएट रायट या बँडमध्ये गिटार वाजवणारा, नॉर्थ हॉलिवूडमध्ये आईच्या संगीत शाळेत मुलांना गिटार शिकवणारा, अंगाने किरकोळ असलेला बावीस वर्षांचा पोरगा. बासवर ऑस्ट्रेलियाचा बॉब डेझली, ड्रम्सवर युराया हीप या बँडमधून आलेला ली कर्स्लेक, कीबोर्डवर पाहुणा डॉन एअरी, आणि 1980 च्या वसंतात इंग्लंडमध्ये सरे भागातल्या रिज फार्म स्टुडिओत रेकॉर्डिंग.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण सगळी तुलना तिच्यावरच उभी आहे. ब्लिझर्ड ऑफ ऑझ हे मुळात बँडचं नाव असणार होतं, पण अल्बम आला तेव्हा कव्हरवर ऑझीचं नाव मोठं आणि ते शीर्षक झालं. पण आत ऐकाल तर तो चौघांचा अल्बम आहे. संगीताचा गाभा रँडीचा, गाण्यांचे बहुतेक शब्द डेझलीचे, आणि त्यावर चाल गुणगुणत बसवणारा ऑझी. डिओचं बरोब्बर उलटं. त्याने बँड काढला, बँडला स्वतःचंच नाव दिलं, कागदोपत्री तो "डिओ" या बँडचा अल्बम, पण आतलं जग पूर्णपणे एका माणसाचं. प्रोड्यूसर तो, सगळ्या गाण्यांचे शब्द त्याचे, आणि होली डायव्हर आणि डोन्ट टॉक टू स्ट्रेंजर्स ही दोन गाणी तर गिटारिस्ट येण्याआधीच त्याने एकट्याने लिहून ठेवलेली होती.

याचा ऐकताना काय फरक पडतो? खूप पडतो. ब्लिझर्डमध्ये प्रत्येक गाणं वेगळ्या दिशेला जातं. आय डोन्ट नो सरळ हार्ड रॉक, क्रेझी ट्रेन नाचावंसं वाटेल असं, मग गुडबाय टू रोमान्स येतं जे जवळजवळ बीटल्सच्या वळणाचं आहे (ऑझी लहानपणापासून बीटल्सचा वेडा होता आणि सॅबथमध्ये ते बाहेर यायला फारशी जागाच नव्हती), मग डी, मिनिटभरही नसलेला क्लासिकल गिटारचा तुकडा, रँडीने आपल्या आईसाठी केलेला. मेटलच्या अल्बममध्ये मधेच असा तुकडा ठेवायला ऑझीने रँडीला मोकळीक दिली हेच मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. पुढे मिस्टर क्राउली, आणि शेवटाकडे रेव्हलेशन, ज्याच्यात शांत गिटारपासून सुरुवात होऊन शेवटी सगळं धावायला लागतं आणि ते न थांबता थेट पुढच्या स्टील अवे मध्ये घुसतं.

मिस्टर क्राउलीवर थोडं थांबते. सुरुवातीला डॉन एअरीचा कीबोर्ड एकटाच, चर्चमधल्या ऑर्गनसारखा, मग ऑझी येतो, आणि त्या गाण्यात रँडीचे दोन सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे तुकडे, आहेत, एक मधे आणि एक शेवटी. मधला बहुतेकांना आठवतो, पण हेडफोन लावून शेवटचा ऐका. आवाज हळूहळू कमी होत जातो आणि हा माणूस वाजवतोच आहे, अजून सांगायचं राहिलंय असं वाटतं. तोच सोलो एकावर एक दोन-तीनदा वाजवून रेकॉर्ड करायची त्याची सवय होती, आणि तो इतका काटेकोर वाजवायचा की सगळे थर एकत्र ऐकले तरी कुठे फाटत नाहीत, फक्त सूर जाड आणि थरथरता होतो. 19 मार्च 1982 ला फ्लोरिडात छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला, पंचवीस वर्षांचा होता. ऑझीसोबत त्याचे स्टुडिओ अल्बम दोनच.

आणि ऑझीचा आवाज? तो मोठा गायक नव्हता असं म्हणणारे खूप आहेत, मला ते पटत नाही. रेंज कमी होती हे खरं, आवाज एकावर एक दोनदा रेकॉर्ड केलेला आहे हेही खरं, पण त्या आवाजात एक रडवेलेपणा आहे जो खोटा करता येत नाही. गुडबाय टू रोमान्स ऐकताना कळतं की हा माणूस आपल्या जुन्या मित्रांना, जुन्या बँडला निरोप देतोय आणि त्याला ते जड जातंय. फक्त एवढंच की गायकाची कमाल ऐकायला म्हणून तुम्ही इथे आलात तर तुमचं लक्ष दर वेळी गिटारकडेच जाईल.

सुइसाइड सोल्यूशन या गाण्याबद्दल शीर्षक वाचून घाबरू नका. ते दारू माणसाला कशी संपवते याबद्दल आहे. त्यावरून अमेरिकेत ऑझीवर केस पण झाली होती आणि कोर्टाने ती फेटाळली. नो बोन मूव्हीज मात्र मला भरतीचं वाटतं, बाकीच्या गाण्यांच्या शेजारी ते उगाच आहे.

आता डिओ. ऑझीला काढल्यावर सॅबथने घेतला तो हाच रॉनी जेम्स डिओ, गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरच्या रेनबो या बँडमधून आलेला. हेवन अँड हेल, मॉब रूल्स असे दोन जबरदस्त अल्बम झाले, आणि मग लाइव्ह इव्हिल या लाइव्ह अल्बमच्या मिक्सिंगवरून, म्हणजे कोणाचा आवाज किती ठेवायचा यावरून, भांडण. सॅबथचा गिटारिस्ट आयोमी आणि बासिस्ट बटलर यांना वाटत होतं की डिओ गुपचूप स्टुडिओत जाऊन आपला आवाज वाढवतोय, डिओचं म्हणणं वेगळं. 1982 मध्ये तो निघाला आणि जाताना ड्रमर व्हिनी अपीसला घेऊन गेला. बासवर रेनबोच्या दिवसांतला जुना सहकारी जिमी बेन. गंमत बघा, ऑझीचा डेझली पण रेनबोमध्ये डिओसोबत वाजवून आलेला, म्हणजे या दोन्ही अल्बमच्या खाली रिची ब्लॅकमोरच्या बँडची माणसं आहेत. आणि गिटारवर बेलफास्टचा व्हिव्हियन कॅम्पबेल, वय फक्त वीस.

तेव्हा डिओ चाळिशीचा होता. या वयात बहुतेक रॉक गायक जुनी हिट गाणी गात फिरतात आणि हा माणूस वीस वर्षांच्या पोराला घेऊन शून्यातून बँड उभा करतो, आणि सुरुवात करतो स्टँड अप अँड शाउटने, जे सव्वातीन मिनिटांचं आहे आणि श्वास घ्यायला जागा देत नाही.

श्वासावरून आठवलं. डिओ लहानपणी ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न शिकला होता, आणि गाण्यातला दम तिथूनच आला असं तो सांगायचा. आपल्याकडे ज्याला दमसास म्हणतात तो काय असतो ते डोन्ट टॉक टू स्ट्रेंजर्समध्ये ऐका. सुरुवात अगदी मऊ, साधी गिटार, तो जवळजवळ कानात बोलल्यासारखा गातो, आणि मग एका क्षणी बँड कोसळतो आणि तोच आवाज कुठलीही तयारी न दाखवता वर जातो. आवाज फाटत नाही, ओरडल्यासारखा होत नाही, आणि सगळ्या गदारोळात एकेक शब्द स्पष्ट कळतो. हार्ड रॉकमध्ये इतके स्वच्छ उच्चार असलेला दुसरा गायक मला तरी माहीत नाही.

शीर्षकगीत मिनिटभराहून जास्त वेळ नुसता वारा आणि कीबोर्ड ऐकवतं आणि मग ती रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, येते, संथ, जड, सॅबथची आठवण करून देणारी. शब्द मात्र सॅबथचे नाहीत, वाघ, त्याच्या अंगावरचे पट्टे, पाण्यात खोल बुडालेला कोणीतरी, सगळं डिओच्या डोक्यातलं. ज्यांना असल्या परीकथेसारख्या शब्दांची चीड आहे त्यांना हा अल्बम जड जाईल हे प्रामाणिकपणे सांगते. इंद्रधनुष्य, जादू, अंधार, हे पुन्हा पुन्हा येतं. क्रेझी ट्रेनमधली शीतयुद्धाच्या काळातली भीती किंवा ऑझीचा निरोप हे कसं जमिनीवरचं आहे, डिओ कायम जमिनीपासून थोडा वर.

पण रेनबो इन द डार्क ऐका आणि मग सांगा. कीबोर्डवरची ती साधी धून कोणीही एका बोटाने वाजवू शकेल, आणि म्हणे डिओला हे गाणं इतकं पॉप वाटलं होतं की तो टेप ब्लेडने कापायला निघाला होता, बाकीच्यांनी थांबवला. बरं झालं थांबवला. सॅबथमधून बाहेर पडल्यानंतरचा एकटेपणा त्याच्या शब्दांत कुठे थेट दिसत असेल तर तो इथेच, आणि त्याखाली अपीसचे ड्रम्स असे वाजतात की घरातल्या साध्या स्पीकरवर पण छातीत जाणवतात. कॅम्पबेलचा सोलो रँडीसारखा रचलेला नाही, तो गिटारिस्ट गॅरी मूरच्या वळणाचा, जोरात, अंगावर येणारा. चुरस लावायची तर गिटारमध्ये रँडी पुढे आहे, त्यात मला शंका नाही. पण होली डायव्हरमध्ये नऊ गाणी आहेत, साधारण चाळीस मिनिटं, आणि मला त्यातलं एकही सोडून पुढे जावंसं वाटत नाही. इनव्हिजिबल थोडं मागे राहतं, तेवढंच.

म्हणून एकच घ्यायचा तर मी होली डायव्हर म्हणते. बँड सोडलेल्या गायकाकडे स्वतःचं असं काय होतं हे बघायला आपण असा अल्बम घेतो ना, ते इथे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मिळतं. ब्लिझर्ड तितकाच मोठा आहे, अमेरिकेत त्याचा खप डिओच्या अल्बमपेक्षा कितीतरी जास्त झाला, पण त्याचा आत्मा रँडी आहे. तुम्ही स्वतः गिटार शिकत असाल किंवा घरात शिकणारं कोणी असेल तर मात्र माझं वरचं मत बाजूला ठेवा आणि डोळे मिटून ब्लिझर्डच आणा.

आता घेताना काय बघायचं. ब्लिझर्डच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे: 2002 मध्ये त्याची जी सीडी पुन्हा काढली तिच्यात डेझली आणि कर्स्लेक यांचे मूळ बास आणि ड्रम्स काढून रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घातलेत. पैशांवरून आणि क्रेडिटवरून कोर्टात भांडण चालू होतं म्हणून हे झालं. वाजवणारे दोघंही उत्तम आहेत, पण तो हा अल्बम नाही, रँडी ज्या दोघांसोबत खोलीत उभा राहून वाजवत होता ते दोघंच गायब आहेत. सेकंडहँड सीडी घेत असाल तर मागचं वर्ष वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. 2011 च्या आवृत्तीपासून मूळ रेकॉर्डिंग परत आलंय. जुनी 1980-81 ची एलपी मिळाली तर प्रश्नच नाही.

होली डायव्हरचा असा घोळ नाही, पण 2022 च्या मोठ्या सेटमध्ये जो बरेसीने केलेलं नवीन मिक्स आहे. ते वाईट नाही, पण पहिल्यांदा ऐकताना मूळ मिक्सच ऐका, नवीन नंतर तुलनेसाठी ठेवा. कव्हर बघून घरचे दचकतील, राक्षस उभा आहे आणि साखळ्यांत अडकलेला पाद्री पाण्यात बुडतोय. डिओचं त्यावर म्हणणं असायचं की दिसतं तसंच असेल हे कशावरून, राक्षस नेमका कोण हे तुम्ही कसं ठरवलं.

आणि एक अल्बम आवडला की लगेच दुसऱ्याकडे उडी मारू नका, त्याच माणसांचा पुढचा घ्या. ब्लिझर्डनंतर डायरी ऑफ अ मॅडमन (1981), होली डायव्हरनंतर द लास्ट इन लाइन (1984), दोन्हीकडे मूळ गायक-गिटारिस्ट-बास-ड्रम्स तेच आहेत आणि पहिल्या अल्बममध्ये जे नुसतं सापडलं होतं ते इथे हाताखाली आलेलं ऐकू येतं, डायरीमध्ये तर फारच.