टायरचा अलार्म आणि दुकानातलं पंक्चर

मोटरसायकलच्या टायरमधली हवा सतत दाखवणारं एक छोटं मशीन मिळतं. दुकानदार त्याला टीपीएमएस म्हणतात. साताऱ्यातल्या एका दुकानदाराने ते माझ्या गाडीला बसवलं आणि त्याच्या जोरावर अख्खा हिवाळा माझ्याकडून पैसे काढले. मशीन डुप्लिकेट नव्हतं. हवा बरोबर दाखवत होतं, आजही दाखवतं. लबाडी त्याच्या सेटिंगमध्ये होती आणि तिथे कुणी बघायला जात नाही. प्रकरण तक्रारीत असल्यामुळे दुकानाचं नाव घेत नाही. पद्धत मात्र सगळी सांगतो, कारण ही मशीनं आता बऱ्याच दुकानांत लटकलेली दिसतात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी मशीनबद्दल. व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे दोन सेन्सर असतात, पुढच्या चाकाला एक आणि मागच्याला एक. आत घड्याळासारखा बटण सेल. हँडलवर एक छोटा स्क्रीन. सेन्सर पिळून घट्ट बसवला की तो व्हॉल्व्हची पिन दाबून धरतो, आतली हवा त्याच्यापर्यंत येते आणि तो ती मोजून वायरलेसने स्क्रीनला कळवतो. हवा एका ठरावीक आकड्याच्या खाली गेली की अलार्म वाजतो. हा आकडा गाडीप्रमाणे लावून घ्यायचा असतो, म्हणजे बसवणारा बटण दाबून तो हवा तसा बदलू शकतो. माझ्या बाबतीत जे झालं त्याचं मूळ इथेच आहे.

मी सातारा-कोरेगाव रोज अपडाऊन करतो. दीडशे सीसीची ट्यूबलेस टायरची गाडी. सुट्टीला सौं.ना घेऊन कास, नाहीतर ठोसेघर. ऑक्टोबरात नुसती हवा भरायला त्या दुकानात थांबलो होतो. मालक गोड बोलणारा. "सर, यवतेश्वरच्या घाटात हवा बसली तर काय करणार? मागं वहिनी असतात. अठ्ठावीसशे रुपये म्हणजे काय हो आजकाल!"

इथपर्यंत तो चुकीचं बोलत नव्हता. हवा कमी असली की वळणावर गाडी लडबडते, टायर कडेला दुमडतो, तापतो. पण मग म्हणाला, "आता सरकारनं कंपल्सरी केलंय. पुढं पासिंगला अडवतील." हे साफ खोटं. दुचाकीला असं बंधन नाही. २०२० साली केंद्राने जो नियम बदलला तो कारसाठी: ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, एवढाच. सक्ती अमेरिकेत आहे. तिथे २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना ही यंत्रणा लागतेच, पण तीही चारचाकींना. साताऱ्याच्या आरटीओचा यात काही संबंध नाही.

मी मशीन घेतलं. पोराने ते बसवलं, स्क्रीन मात्र मालक आत घेऊन गेला, "सेटिंग करून आणतो" म्हणाला. बॉक्स आणि माहितीपत्रक मागितलं तर, "ते कशाला सर, वॉरंटी माझी." बिल नाही. पैसे यूपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे तर कुणा बाईंच्या नावावरच्या खात्यात. शेवटी पोराने चेनकव्हरवर दुकानाचा एक चकचकीत स्टिकर डकवला. त्यावर मोबाईल नंबर आणि खाली ठळक अक्षरांत: हवा पुढे ३०, मागे ३६. मला वाटलं, बरी सोय केली.

नोव्हेंबर उतरणीला लागला, थंडी पडली आणि अलार्म वाजायला लागला. सकाळी घरातून निघालं, गाडी शंभरेक मीटर गेली की टीं टीं. मागचं चाक, ३२. कधी ३१. कोरेगाव येईपर्यंत आवाज आपोआप बंद. संध्याकाळी परत येताना बघावं तर ३५. दुकानात विचारलं तर मालकाने पापणीही न लववता सांगितलं, "बारीक पंक्चर असतं सर. टायर गरम झाला की बुजतं, गार झाला की उघडतं." ऐकायला इतकं पटण्यासारखं वाटतं की पुढे प्रश्नच सुचत नाही. रबर तापून भोक बुजत नाही, ही गोष्ट मला नंतर एका पंक्चरवाल्यानेच हसत हसत सांगितली.

मग तिथला ठरलेला कार्यक्रम. गाडी डबल स्टँडवर. पोरगा मागच्या चाकाशी उकिडवा. "सर, तुम्ही बसा, चहा सांगितलाय." खुर्ची रस्त्याकडे तोंड करून. चहा संपेपर्यंत हाक, "सर, बघा." टायरवर साबणाचा फेस आणि त्यात एका जागी बुडबुडे फुटतायत, खरोखर फुटतायत. हवा खरंच निघत होती, कारण भोक नुकतंच पाडलेलं होतं. मग टोकदार हत्याराने ते भोक मोठं करायचं, भोक बुजवणारी रबराची स्ट्रिप आत ढकलायची, वरचं शेपूट ब्लेडने कापायचं, शंभर रुपये. एकदा तर "दोन निघाले सर" म्हणून दोनशे. आणि जाताना तापलेल्या टायरमध्ये ३६ हवा. पुढच्या गार सकाळी पुन्हा टीं टीं.

जानेवारीत मालक म्हणाला, "टायरची चाळण झालीय सर. किती ठिगळं लावायची? नवीन टाकू." टायरला जेमतेम वर्ष झालं होतं. रविवारी येतो म्हणून निघालो.

मधल्या दिवसांत हा विषय आमच्या आळीतल्या आण्णांच्या कानावर गेला. आण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांनी घरातून पेनासारखा हवेचा गेज आणला, सेन्सर काढून व्हॉल्व्हला लावला. गेज ३२, स्क्रीन ३२. "मशीन तर खरं बोलतंय की रं. मग कोकलतंय कशाला? बत्तीस काय कमी हाय व्हय? कंपनी किती सांगती?" मी दुकानाच्या स्टिकरवर बोट ठेवलं. आण्णांनी चष्मा वर केला, खिशातून चावी काढली आणि त्या स्टिकरचा कोपरा उचकटला. खाली गाडीच्या कंपनीचा मूळ स्टिकर होता: पुढे २५, मागे एकट्याला २८, डबल सीट ३२. त्याच्यावर बरोब्बर मापात दुकानाचा चिकटवला होता.

भाच्याने मोबाईलवर त्या मॉडेलचं माहितीपत्रक शोधलं. बटण काही सेकंद दाबून ठेवलं की आतले आकडे दिसतात. मागच्या चाकाची खालची मर्यादा ३३ लावलेली होती. कंपनी एकट्याला २८ सांगते आणि अलार्म ३३ ला!

आता हे गणित नीट बघा, कारण सगळी कारागिरी त्यातच आहे. बंद टायरमधली हवा १० अंशांनी गार झाली की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो (हवेचे वरचे सगळे आकडे याच एककात आहेत). डिसेंबरात दुपारी उन्हातून चालून आलेला टायर ४० अंशांच्या वर सहज जातो आणि पहाटे अंगणात तोच १४-१५ वर येतो. म्हणजे दुपारी दुकानात ३६ भरलेली हवा पहाटे ३२ च्या आसपास दिसणारच, टायरला सुईएवढंही भोक नसलं तरी. आणि ३३ च्या खाली गेलं की अलार्म. मालकाने यासाठी फिजिक्स वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण हवा भरता भरता धंद्यात जे कळतं ते त्याला पक्कं कळलेलं होतं. उन्हाळ्यात हा डाव चालला नसता. मशीन ऑक्टोबरातच का गळ्यात मारलं, हेही त्यावरून समजलं.

वर ३६ हवेचा त्रास वेगळाच. टायर कडक, रस्त्याला टेकणारा भाग कमी. कासच्या रस्त्याला वळणावर खडी असते, तिथे मागचं चाक सटकल्यासारखं व्हायचं. मी शॉकअपला दोष देत होतो.

कोरेगाव रोडला एक वयस्कर पंक्चरवाले आहेत. त्यांच्याकडे टायर रिमवरून उतरवून घेतला. आतून बघितल्यावर त्यांनी नुसतं "च्च" केलं. सात स्ट्रिप, सातही एका वितीच्या आत, सगळ्या नक्षीच्या खोबणीत, सगळ्या काटकोनात सरळ. रस्त्यावरचा खिळा टायरवर कुठेही बसतो आणि बहुतेक वेळा तिरका घुसतो. खोबणीत रबर पातळ असतं, तिथे टोचायला जोर लागत नाही. शिवाय चाक न फिरवता हाताला येईल तिथेच टोचलं की सगळी भोकं शेजारी-शेजारी येतात. "खिळे कुठायत?" त्यांनी विचारलं. मला एकदाही खिळा दाखवलेला नव्हता. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर तो बहुतेकदा आतच रुतून राहतो, हवा हळूहळू जाते, आणि पंक्चर काढायचं म्हणजे आधी पकडीने तो खिळा उपटायचा. ज्या पंक्चरमध्ये उपटायला काहीच नाही, तिथे निदान चौकशी तरी करायला हवी.

टायर शेवटी बदलावाच लागला. इतक्या जवळजवळ सात भोकं असलेल्या टायरवर घाट उतरवायची माझी तयारी नव्हती.

मशीन वाईट आहे असं कृपया कुणी समजू नका. मी ते काढलेलं नाही. फक्त आता आकडे मी लावलेत: मागे खालची मर्यादा २५, वरची ४०. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना कंपनीच्या आकड्याप्रमाणे हवा ठेवायची आणि त्याच्या दहा-बारा टक्के खाली अलार्म लावायचा, एवढं पुरतं. सौ. मागे बसणार असतील त्या दिवशी ३२ करून घेतो. दोन-तीनशे रुपयांचा साधा गेज डिकीत असतो, अधूनमधून स्क्रीनशी पडताळून बघायला. दोन्ही आकड्यांत एखाद-दुसऱ्या पीएसआयचा फरक चालतो. सेन्सर बसवल्यावर त्याच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून बघा, कारण पिन दाबलेली असते आणि आतली रबरी रिंग नीट बसली नाही तर हवा तिथूनच गळते. तसा हा सेन्सर स्वतःच गळतीचं कारण होऊ शकतो, हे विकताना कुणी सांगत नाही.

बुडबुड्यांचंही एक सांगतो. शाम्पूचा दाट फेस मारला की नुसत्या फेसाचेही बुडबुडे दिसतात, ते विरून जातात. खऱ्या गळतीचा बुडबुडा त्याच जागी फुगत राहतो, पुसला तरी पुन्हा येतो. म्हणून टायर तपासत असताना चाकाशेजारी उभे राहा, चहा नंतर प्या. आणि पाणी मारायच्या आधी चाक एकदा कोरडं फिरवून बघायला सांगा. हवा भरायला दुकानातच जायला हवं असंही नाही. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी, ती पंपाने द्यायची सोयच आहे. मशीन बंद असल्याचं सांगतात तिथे तक्रारवही मागा, बऱ्याचदा मशीन लगेच चालू होतं.

दुकानात मी टायर घेऊन गेलो. मालक आधी "सर, गैरसमज होतोय" म्हणाला, मग "प्रूफ काय?" म्हणाला, मग पोरावर ओरडला. पोरगा मान खाली घालून उभा. त्याला महिन्याला काय मिळत असेल याची कल्पना असल्याने त्याच्याशी मी भांडलो नाही. बिल नव्हतं, पण यूपीआयची प्रत्येक नोंद तारीख-वेळेसकट फोनमध्ये होती. त्या नोंदी, टायरच्या आतले फोटो, दोन्ही स्टिकरांचे फोटो आणि सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो एवढं जमवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. नोटीस पोचल्यावर स्ट्रिपांचे पैसे त्याच बाईंच्या खात्यातून परत आले. टायरचे पैसे द्यायला तो तयार नाही.

त्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. तेव्हा साताऱ्यात कुणाच्या चेनकव्हरवर असा स्टिकर डकवलेला असेल, तर तो उचकटण्याआधी त्याचा फोटो काढा, मग खालचा आकडा बघा आणि यूपीआयच्या नोंदी जपून ठेवा.