ग्राम्प्स आठ महिने वापरून झाल्यावर

आठ महिने झाले, रोज नाही पण आठवड्यातून तीन-चारदा तरी ग्राम्प्स, म्हणजे वंशावळीचं झाड बनवायचं सॉफ्टवेअर, उघडतेच, म्हटलं आता लिहावं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो. मी हे घेतलं ते त्याचसाठी.

पहिला आठवडा जड जातो. माणूस वेगळा भरायचा, त्याच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या घटना वेगळ्या, सोर्स, म्हणजे माहिती जिथून मिळाली ते पुस्तक किंवा कागद, वेगळा आणि त्या सोर्समधलं नेमकं पान म्हणजे सायटेशन परत वेगळं. मला वाटलं कशाला एवढा खटाटोप, पण पुढे त्यानेच वाचवलं.

झालं असं, की पणजोबांच्या नावाच्या दोन जन्मनोंदी मिळाल्या, आईवडील तेच, सालात तीन वर्षांचा फरक. एकच माणूस असणार म्हणून मी दोन्ही मर्ज केल्या, म्हणजे एकाच माणसात मिसळल्या. दोन महिन्यांनी एक मृत्यूची नोंद हाती लागली, पहिलं मूल दीड वर्षाचं असताना गेलेलं आणि पुढच्या मुलाला तेच नाव ठेवलेलं. बराच वेळ काही टाईप करवेना, त्या लेकराला मी झाडातून पुसूनच टाकलं होतं. आता अनडू कुठला, जुना बॅकअप काढला, आणि सायटेशन लावलेली होती म्हणून कुठली नोंद कोणाची ते तासाभरात वेगळं करता आलं. बॅकअप दर आठवड्याला घ्याच.

तारखांचं मला फार आवडलं. अंदाजे, अमुक सालाआधी, या दोन सालांच्या दरम्यान, असं सगळं भरता येतं. जुन्या कागदांत एकदा वय 30 आणि दहा वर्षांनी 37 लिहिलेलं सापडतं, तिथे पक्कं साल ठोकून देणं म्हणजे खोटंच लिहिणं.

दुसऱ्यांची ऑनलाइन तयार झाडं जपून घ्या. मी एक आयात केलं, डेटा तपासायचं टूल चालवलं तर मुलाच्या जन्मावेळी आई नऊ वर्षांची निघाली!! सगळं काढून टाकलं.

दुसऱ्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण गेडकॉम फाइलने होते, हा फॉरमॅट 1984 पासूनचा. साध्या गेडकॉममध्ये फोटो जात नाहीत, फक्त त्यांचा पत्ता जातो, तेव्हा फोटोंचा फोल्डर सोबत द्यायचा. आणि फाइल कोणाला देताना हयात माणसांची माहिती वगळायचा पर्याय आहे, तो न विसरता लावा.

सगळ्यात जास्त मी आनेनटाफेल रिपोर्ट काढते, म्हणजे पूर्वजांची आकडे घातलेली यादी. आपण 1, वडील म्हणजे आपला आकडा दुप्पट, आई दुप्पट अधिक 1. म्हणजे बाबा 2, आई 3, बाबांची आई 5, आणि तिची आई 11. पुरुषांचे आकडे भराभर भरले, बायकांचे अडले, कारण लग्नानंतर नाव बदललं की कागदात माग तुटतो. माझा 11 अजून रिकामा आहे. आता आजीच्या, म्हणजे 5 च्या, भावांच्या नोंदी वाचायला घेतल्यात, त्यांच्या आईचं माहेरचं नाव तिथे कुठेतरी येईल.