सूर्य बघायला फिल्म, काच, वेज की कागद?

पाऊस सरून दिवाळीच्या आसपास आभाळ मोकळं झालं की कोणी ना कोणी विचारतंच, घरात दुर्बीण आहे, सूर्य बघायचाय, काय घेऊ? माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी स्टँडवरची आरशाची दुर्बीण) आणि एक ७० मिमीची लेन्सवाली आहे, दोन्हींनी गोव्यात फोंड्याला गच्चीवरून बघतो, त्या अनुभवावरून लिहितोय.

सगळ्यात आधी, आयपीसला (जिथे डोळा लावतो त्या भिंगाला) फिरवून बसवायचा काळपट हिरवा सन फिल्टर असेल तर तो आजच कचऱ्यात टाका. सहा इंची आरसा उन्हात बारीक झालेल्या आपल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा साधारण अडीच हजार पट उजेड गोळा करतो, आणि हा फिल्टर बसतो नेमका जिथे ती सगळी उष्णता एकवटते तिथे. मामाच्या जुन्या सेटमध्ये असाच होता, आम्ही सूर्य लावला आणि मिनिटभरात टक् आवाज होऊन काचेला आरपार चीर गेली, तेव्हा डोळा लावलेला नव्हता म्हणून वाचलो. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही हो, भाजलं तरी त्या क्षणी पत्ता लागत नाही. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत बघणं पण तितकंच घातक.

म्हणजे उजेड नळीत शिरायच्या आधी, तोंडावरच अडवायचा. त्यासाठी फिल्म (पातळ चंदेरी पापुद्रा) किंवा फिल्टरची काच. माझं मत सरळ फिल्मच्या बाजूने. बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर फिल्म ए-४ आकारात मिळते, सहा इंचीला आरामात पुरते, पुठ्ठ्याची रिंग करून घरीच टोपी बनवता येते, आणि सूर्य जसा आहे तसा पांढरा दिसतो. फिल्म थोडी सैल, सुरकुतलेली दिसली म्हणून ताणायला जाऊ नका, तशीच चांगली चालते. घेताना पाकिटावरचा आकडा मात्र बघाच, ५.० म्हणजे एक लाखातला एक भाग उजेड आत, ही डोळ्यांनी बघायची, आणि ३.८ वाली फक्त फोटोसाठी, तिच्यातून जवळजवळ सोळा पट जास्त उजेड येतो आणि दिसायला दोन्ही सारख्याच चंदेरी.

काचेचा फिल्टर मजबूत, हाताळायला सोपा, सूर्य बहुतेक वेळा पिवळा-नारिंगी दिसतो जो पोरांना आवडतो, पण स्वस्तातल्या काचेत सूर्यावरच्या डागांच्या कडा मऊ पडतात आणि हातातून पडली की संपलं. आपल्याकडे चार महिने घरातली प्रत्येक वस्तू ओल धरते, त्यामुळे काही घ्या, डब्यात सिलिका जेलसकट ठेवा.

हर्शेल वेज फक्त लेन्सवाल्या दुर्बिणीसाठी, आरशाच्या दुर्बिणीला नाहीच. यात उजेड आत येऊ देतात आणि प्रिझमवरून जेमतेम पाचेक टक्के डोळ्याकडे वळवतात, बाकीचा बाजूला काढतात, आणि त्या पाच टक्क्यांवरही गडद एनडी फिल्टर (उजेड सरसकट कमी करणारी करडी काच) लागतोच. सूर्याच्या पृष्ठभागावरचा दाणेदार पोत फार सुंदर दिसतो, पण महाग, पहिल्या खरेदीत नको.

कागदावर प्रतिमा पाडणं शाळेसाठी उत्तम, वीस पोरं एकदम बघतात, लहान लेन्सवाली दुर्बीण आणि साधा आयपीस पुरतो (चिकटवलेल्या लेन्सचा भारी आयपीस नको, तापून बिघडतो). फक्त एक मोठा माणूस सतत दुर्बिणीजवळ हवा, पोरं आयपीसला डोळा लावायला धावतातच.

हायड्रोजन-अल्फा दुर्बीण, ६५६.३ नॅनोमीटरचा लाल उजेड तेवढा दाखवणारी, कडेवरच्या ज्वाळा हिच्यातूनच दिसतात. किंमत लाखाच्या घरात, म्हणून आधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघा. पणजीला असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, तिथल्या माणसांना विचारून मग पैसे घाला.

फिल्म घेतलीत तर दर वेळी आधी टॉर्चसमोर धरून बघा, टाचणीएवढी भोकं दिसली तर सरळ नवीन. टोपी टेपने चिकटवा, दुपारचा समुद्रावरचा वारा ती सहज उडवतो. फाइंडर (नेम धरायची बाजूची छोटी दुर्बीण) काढून ठेवा किंवा झाका. सूर्य शोधायला नळीची जमिनीवरची सावली बघा, ती सगळ्यात लहान झाली की सूर्य आत आलाच. आणि सकाळी आठ-नऊलाच बघा, नंतर स्लॅब तापतो आणि प्रतिमा पाण्यातल्यासारखी हलते. चांगल्या सकाळी मोठ्या डागाचा काळा गाभा आणि त्याच्याभोवतीची करडी, केसांसारख्या रेघांची झालर इतकी स्वच्छ दिसते की मी अर्धा तास तिथून हलत नाही. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण आपल्याकडून खंडग्रास आहे पण ते ऐन पावसात, म्हणून त्याची वाट बघत थांबू नका, या नोव्हेंबरलाच टोपी बनवा.