१३बी स्वॅप: इलेक्ट्रॉनिक ओएमपी ठेवायचा, मेकॅनिकल लावायचा की सरळ प्रीमिक्स?

रोटरी स्वॅप करणारे, म्हणजे दुसऱ्या गाडीत माझदाचं रोटरी इंजिन बसवणारे लोक टर्बो, इंटरकूलर, गिअरबॉक्सचे माउंट यावर महिनोनमहिने डोकं खपवतात आणि फ्रंट कव्हरला चिकटलेला तो छोटासा ऑइल मीटरिंग पंप (ओएमपी, रोटरच्या सीलना मोजून तेल देणारा) त्यांना इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या आदल्या रात्री आठवतो. मीही त्यातलाच. मी ऑकलंडला असतो, इथे रोटरीचं वेड जबरदस्त आहे, आणि माझ्या १९९० च्या एमएक्स-५ मध्ये मी आरएक्स-७ चं टर्बो १३बी, म्हणजे माझदाचं दोन रोटरचं इंजिन बसवलंय, तेही सिरीज ५ चं म्हणजे १९८९ ते ९१ मधलं. सगळी भानगड त्या वर्षांमुळेच आहे.

सिरीज ४ पर्यंत, म्हणजे १९८८ पर्यंत, हा पंप थ्रॉटलला एका रॉडने जोडलेला असायचा, पाय दाबला की तेल वाढलं, विषय संपला. ८९ पासून माझदाने रॉड काढून स्टेपर मोटर आणि पोझिशन सेन्सर दिला आणि किती तेल सोडायचं ते ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हातात गेलं, पुढे एफडी (त्यानंतरची आरएक्स-७) आणि आरएक्स-८ मध्येही कंट्रोल इलेक्ट्रॉनिकच राहिला. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. निदान सिरीज ५ आणि एफडीचा पंप काही विजेवर फिरत नाही, त्याला इंजिनच फिरवतं, वीज फक्त माप ठरवते. त्यामुळे कनेक्टर काढून ठेवला तरी पंप फिरतो, थोडंफार तेल जातंही, आणि माणूस म्हणतो "चाललंय की". चाललंय, पण माप कुणाच्याच हातात नाही, आणि दोन रोटरचे मिळून सहा अ‍ॅपेक्स सील (रोटरच्या टोकांवरचे) त्या तेलावर जगतात. कनेक्टर लोंबकळत ठेवणं हा पर्यायच नाही, तो मी तुलनेत धरतच नाही.

आता इलेक्ट्रॉनिक ठेवायचा म्हटलं तर पहिला प्रश्न ईसीयूचा. ओरिजिनल ईसीयू आणि हार्नेस ठेवणार असाल तर काहीच करू नका, तसंच चालू द्या, फक्त लक्षात ठेवा की पंपाचा सिग्नल बिघडला की तो ईसीयू गाडी लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे इंजिनची ताकद मुद्दाम कमी करतो. पण स्वॅपवाले बहुतेक स्टँडअलोन (बाहेरून घेतलेला, स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू) लावतात आणि तिथे खरी मेख आहे. स्टेपर चालवायला ड्रायव्हर आउटपुट मोकळे हवेत, पोझिशन सेन्सर वाचायला एक अ‍ॅनालॉग इनपुट हवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये आरपीएम आणि लोडप्रमाणे तेलाचं टेबल भरता आलं पाहिजे. काही ईसीयूत आयडल स्टेपरचे आउटपुट असतात आणि लोक म्हणतात तेच जोडून टाक, पण आयडलचं लॉजिक आणि तेलाचं लॉजिक वेगळं, नुसती मोटर हलली म्हणजे झालं असं नाही. सेन्सरची किंमत मला नंतर कळली. ईसीयूने सांगितलेली पोझिशन आणि सेन्सरने दाखवलेली पोझिशन जुळली नाही तर आरपीएम कापायचा, एवढं सेट करून ठेवलं की पंप मेला तरी इंजिन वाचतं. ही सोय बाकी कुठल्याच पर्यायात नाही.

पंप जुनाच वापरणार असाल तर नळ्या मात्र नव्या घ्या. तीस वर्षांच्या त्या बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या चहासारख्या तपकिरी झालेल्या असतात, माझी एक तर नुसती बाजूला सरकवताना काडीसारखी मोडली. बॅन्जो बोल्टचे वॉशरही बदलायचे. आणि नोझल फुंकून बघायचे, हवा एकाच दिशेने गेली पाहिजे, दोन्हीकडून जात असेल तर आतला चेक व्हॉल्व्ह गेलाय.

मेकॅनिकलवर जाणं ऐकायला सगळ्यात सोपं वाटतं आणि वायरिंगचा ताप खरंच संपतो. पण पंप, त्याचा ड्राइव्ह गिअर आणि फ्रंट कव्हर एकाच डोनर इंजिनचं मिळालं तरच हात घाला, तुकडे जमवत बसलात तर दोन शनिवार-रविवार गेले समजा. शिवाय थ्रॉटल बॉडी वेगळी असेल तर रॉडची लांबी आणि कोन जुळवणं आलं, आणि हा पंप फक्त आरपीएम आणि थ्रॉटल बघतो, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, त्याला दिसत नाही. कार्ब्युरेटरवाल्या किंवा नॉन-टर्बो गाडीला मी डोळे झाकून हेच सांगेन, टर्बोला नाही.

प्रीमिक्स म्हणजे पंपच काढायचा, तिथे ब्लॉक-ऑफ प्लेट लावायची, नोझलची भोकं बंद करायची आणि टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमध्येच घालायचं. आपल्याकडे लूना आणि जुन्या बजाज स्कूटरवाल्यांनी वर्षानुवर्षं हेच केलंय, फक्त इथे तेल बरंच कमी लागतं. गॅलनला एक औंस हे चालू माप, म्हणजे लिटरला साधारण ८ मिली, ४० लिटर भरलं तर ३१० मिलीच्या आसपास. फायदे खरे आहेत, टू-स्ट्रोक तेल इंजिन ऑइलपेक्षा स्वच्छ जळतं, आणि बूस्टमध्ये पेट्रोल जास्त गेलं की तेल आपोआप जास्त जातं, त्यामुळे ट्रॅकवाले याच्यावर खूष. पण एक गोष्ट कमी बोलली जाते. ट्यूनमध्ये ओव्हररनचा फ्युएल कट चालू असेल तर उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद, आणि आरपीएम मात्र वर. इथल्या काइमाई डोंगररांगेतला लांब उतार, आपला कसारा घाटच समजा, तो अख्खा उतार सील कोरडे घासत जातात. पंप तेव्हाही फिरत असतो. प्रीमिक्सवर असाल तर तो कट बंद करा नाहीतर अगदी उशिरा येईल असा ठेवा.

दुसरा त्रास माणसांचा. मी पहिले चार महिने प्रीमिक्सवरच होतो. एका रविवारी बायको मोठ्या कौतुकाने म्हणाली, "टाकी फुल करून आणलीय हं." मी चप्पल न घालताच डिकीतली बाटली शोधत बाहेर पळालो. काही झालं नाही, पेट्रोल पंप घरापासून दोन किलोमीटरवर होता, पण गाडी घरात दोघं चालवत असाल तर हा पर्याय धरू नका.

शेवटी मी अडॅप्टरवर आलो, आरएक्स-८ वाले त्याला सोन अडॅप्टर म्हणतात, आरएक्स-७ साठीही तशाच प्लेटा मिळतात. पंप आणि इंजिनामध्ये एक प्लेट बसते, सम्पमधलं (इंजिनच्या तळाशी साठलेलं) इंजिन ऑइल अडवते, आणि पंपाला वेगळ्या टाकीतलं टू-स्ट्रोक तेल मिळतं. म्हणजे तेल स्वच्छ, मोजमाप ईसीयूचं, टाकी कोणीही भरू दे. हा वेगळा चौथा पर्याय नाही, पंप आधी नीट चालत असेल तरच याचा उपयोग. टाकी पंपापेक्षा उंच आणि टर्बोपासून लांब लावा. आणि त्यात फ्लोट स्विच टाकून डॅशवर दिवा द्याच, कारण ही टाकी संपली की इंजिन कसलाही आवाज करत नाही.

लाइन पहिल्यांदा भरताना पेट्रोलमध्ये प्रीमिक्स घालूनच इंजिन चालवा. नव्या पारदर्शक नळीत हवेचा बुडबुडा दिसतो, आयडलला तो इतका हळू सरकतो की थांबलाय असंच वाटतं, मी नळीवर मार्करने खूण करून बघत बसलो होतो. शेवटचा बुडबुडा नोझलमध्ये गेला की मग साधं पेट्रोल.

तर स्टँडअलोनला स्टेपर आणि सेन्सर दोन्ही जमत असतील तर इलेक्ट्रॉनिक ठेवा आणि वर अडॅप्टर लावा, रस्त्यावरच्या गाडीला याहून बरं काही नाही. जमत नसेल आणि गाडी फक्त तुमच्याच हातात असेल तर प्रीमिक्स, उगाच पंपासाठी ईसीयू बदलू नका. नुसता ट्रॅक असेल तरी प्रीमिक्सच. माझ्या गाडीत आता अडॅप्टर आहे, तरी ट्रॅकच्या दिवशी लिटरला ४ मिली पेट्रोलमध्येही घालतो, म्हणून ती बाटली अजून डिकीतच आहे आणि डिकीला तिचा वास येतोच.